उधारीची यात्रा

हल्लीं बुलढाणा जिल्ह्यांतील सुशिक्षित कुटुंबांत, विशेषतः ज्यांचीं मुलें पुण्या-मुंबईस नोकरीस आहेत अशा घरांत, प्रवासाची गोष्ट निघाली कीं क्रेडिट कार्डाचा विषय हटकून निघतो. वाणसामान, विजेचें बिल, मुलांची फी, सर्व कांहीं कार्डावर भरावें, त्यावर मिळणारे गुण जमवावे आणि त्या गुणांवर आगगाडीचें किंवा विमानाचें तिकीट काढावें, अशी ही युक्ति आहे. फुकट प्रवास कोणास नको असतो? तथापि फुकट दिसणाऱ्या वस्तूची किंमत कोणी तरी देतच असतो. तो कोण, हें पाहिल्यावांचून गृहस्थानें पुढें पाऊल टाकूं नये, असें आम्हांस वाटतें.

ही कल्पना मूळची परदेशी विमान कंपन्यांची. अमेरिकन एअरलाइन्सनें १९८१ सालीं नेहमींच्या प्रवाशांस मैल देण्याची योजना काढली आणि पुढें बँकांनीं ती कार्डास जोडली. आपल्याकडे सेंट्रल बँकेचें कार्ड १९८० सालींच निघालें होतें. पण तें सामान्य घरांत शिरण्यास बराच काळ जावा लागला. २०२० च्या जुलैमध्यें स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीनें रेल्वेच्या आयआरसीटीसीबरोबर रुपे कार्ड काढलें, आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयलाही जोडतां येऊं लागलें. त्यामुळें शेगांवच्या कचोरीचे पैसे देखील आतां उधारीनें देतां येतात!

हे गुण येतात कोठून? आपण कार्ड वापरलें कीं बँक दुकानदाराच्या रकमेंतून थोडा हिस्सा कापून घेते आणि त्यांतला अंश आपणांस परत देते. परंतु बँकेची खरी कमाई निराळीच आहे. जो मुदतींत पैसे भरीत नाहीं त्याच्याकडून ती दरमहा शेकडा साडेतीन रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षास शेकडा चाळिसांहून अधिक, व्याज घेते. २००८ सालीं राष्ट्रीय ग्राहक आयोगानें ह्या व्याजास शेकडा तिसांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयानें ती डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केली. शिस्तीनें वागणाऱ्याचें तिकीट बेशिस्ताच्या व्याजांतून निघतें, असें म्हटलें तरी फारसें चुकणार नाहीं.

युक्तिबाज लोकांनीं ह्या व्यवहारांत जी कल्पकता दाखविली ती मात्र वाचण्यासारखी आहे. १९९९ सालीं अमेरिकेंतील एका गृहस्थानें पुडिंगचे बारा हजारांहून अधिक डबे विकत घेऊन त्यांवरील कूपनांतून बारा लाखांवर मैल मिळविले. पुढें कांहींनीं तेथील सरकारी टांकसाळीकडून डॉलरचीं नाणीं कार्डावर मागविलीं, तींच बँकेंत भरून कार्डाचें बिल चुकविलें आणि मैल तेवढे पदरांत पाडले. अखेर २०११ सालीं टांकसाळीनें नाण्यांची अशी कार्डावरील विक्री बंद केली. आपल्याकडेही नातलगास घरभाडें दिल्याचें दाखवून पैसे फिरविणारे निघाले. २०२२ च्या ऑक्टोबरांत आयसीआयसीआय बँकेनें कार्डावरील भाड्यावर शेकडा एक रुपया शुल्क बसविलें आणि इतर बँकांनींही तोच मार्ग धरला. ओळखीच्या दुकानदाराकडे कार्ड चालवून रोख रक्कम घेणें हा तर बँकेशीं केलेल्या कराराचा भंगच होय. त्यास कल्पकता म्हणूं नये. तात्पर्य, जी युक्ति चौघांस कळली ती फार दिवस टिकत नाहीं.

जमविलेले गुणही कांहीं सोनें नव्हे. जेट एअरवेजचीं विमानें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं. तिच्या आशेनें ज्यांनीं वर्षानुवर्षें मैल सांठविले, त्यांचे मैल वहींत राहिले. पण ज्या विमानांत बसावयाचें तींच उडेनाशीं झालीं. शिवाय आपल्या जिल्ह्याची स्थितीही ध्यानांत घ्यावी. बुलढाणा शहरास रेल्वे नाहीं. मलकापूर किंवा शेगांव गांठावें लागतें. विमानासाठीं जिल्ह्याबाहेर जाणें प्राप्त आहे. अमरावतीची विमानसेवा देखील एप्रिल २०२५ मध्येंच सुरू झाली. अशा घरानें विमानतळावरील विश्रामकक्षाच्या मोहानें जबर वार्षिक वर्गणीचें कार्ड घ्यावें, ह्यांत शहाणपण कोणतें? घेणेंच असेल तर रेल्वेच्या तिकिटास उपयोगी पडणारें साधें कार्ड घ्यावें.

आतां थोडा हिशेब करूं. एखाद्या एकत्र कुटुंबाचा दरमहा पंचवीस हजारांचा खर्च कार्डावर होतो आणि शेकडा एक रुपया परत मिळतो, असें धरूं. वर्षाचे तीन हजार झाले. वर्गणी पांचशें व तीवरील कर नव्वद वजा जातां २,४१० रुपये उरले. दोघातिघांची शयनयानानें मुंबईची जा-ये त्यांत व्हावी. हें कांहीं कमी नाहीं. परंतु घरांत लग्न निघालें, एका महिन्यांत साठ हजार खर्च झाले आणि 'किमान देय' म्हणून छापलेली लहान रक्कम तेवढी भरली, तर एका महिन्याचें व्याज सुमारें २,१०० आणि त्यावरील कर ३७८, असे जवळजवळ अडीच हजार गेले. वर्षाची कमाई एका महिन्यांत बुडाली! त्यांतून बाकी राहिल्यास नव्या खरेदीसही बिनव्याजी मुदत मिळत नाहीं, ती गोष्ट निराळीच.

एकत्र कुटुंबांत हा धोका दुणावतो. कर्त्याच्या नांवावर एक कार्ड, आणि सुनेस, मुलास, पुतण्यास जोडकार्डें; खर्च चौघांचा, पण देणें एकट्या मूळ कार्डधारकाचें. पूर्वी वाण्याची वही महिनाअखेर सर्वांदेखत वाचली जाई. आतां खर्चाची वार्ता एकट्याच्याच फोनवर येते आणि तीही न वाचतां पुसली जाते. थकलेल्या हप्त्याची नोंद पतमाहिती संस्थेकडे जाते. उद्यां घरांतील मुलीच्या शिक्षणासाठीं कर्ज काढण्याची वेळ आली कीं बँक प्रथम तीच नोंद पाहते. चार तिकिटांच्या लोभानें मुलीची वाट अडावी, ह्याहून महाग प्रवास कोणता?

म्हणून आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावयाचें कीं, कार्ड एकच असावें. पूर्ण बिल दरमहा खात्यांतून आपोआप वळतें करण्याची सूचना बँकेस देऊन ठेवावी. कार्डावर रोख रक्कम कधींही काढूं नये, कारण तिचें व्याज पहिल्या दिवसापासून चढतें. आणि बिल महिन्यांतून एकदां सर्वांसमक्ष वाचावें. न मागतां आलेलें कार्ड परत करावें. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनीं असें कार्ड देण्यास मनाई आहे. देणें फेडलेलें असल्यास, कार्ड बंद करण्याची विनंति सात कामाच्या दिवसांत न मानणाऱ्या बँकेस रोज पांचशें रुपये दंडही त्यांत सांगितला आहे. जो खर्च घर असाही करणारच होतें त्यावर गुण मिळाले तर ते खुशाल घ्यावे. गुणांसाठीं मात्र एक रुपयाही अधिक खर्चूं नये.