चिरुटाला मार्क कशाचे?

उंची चिरुटाला शंभरापैकी ब्याण्णव मार्क देणाऱ्या रसिकांशी माझे भांडण आहे. त्यांच्या चैनीशी माझे काही वाकडे नाही. ज्याने त्याने आपल्या पैशाचा धूर करावा. धूर गिळला नाही तरी तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, हे त्यांनाही ठाऊक असतेच. माझा वाद आहे तो त्यांच्या पारखीशी.

यांची परीक्षणे वाचून पाहा. आरंभी कोको, मध्यावर चामडे, शेवटी देवदार, आणि अधूनमधून भाजल्या बदामाची चाहूल! जिभेला बिचारीला गोड, आंबट, खारट, कडू आणि फार तर उमामी एवढेच कळते. बाकी सारा नाकाचा कारभार, आणि नाक मोठे हलक्या कानाचे. कमरेची सोनेरी पट्टी दिसली की उंची चामड्याचा वास येतो. पट्टी काढली की तोच वास जुन्या वहाणेचा होतो. न्यूयॉर्कहून १९९२ साली निघू लागलेल्या 'सिगार अफिशिओनाडो'ने पट्ट्या काढून परीक्षा घेण्याचा शिरस्ता पाडला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण शेवटी त्यानेही हाती ठेवला तो आकडाच.

स्वादाआधी बांधणी पाहावी, असे माझे म्हणणे आहे. हवानाचा चिरूट घ्या. आत भरण, त्याभोवती बांधणीचे पान, त्यावर वेष्टणाचे. भरणातली पाने रोपाच्या वेगवेगळ्या उंचीवरची: तळचे वोलादो चटकन पेटते, मधले सेको सुगंध देते, शेंड्याकडचे लिहेरो जाड, जहाल आणि सावकाश जळणारे. म्हणून लिहेरो नेमके मधोमध बसावे लागते. ते कडेला सरकले की चिरूट एका अंगाने जळत जातो आणि दुसऱ्या अंगाने रेंगाळतो. पाने चुण्या घालून हलकेच धरली तर हवेला वाट राहते. पिळली तर झुरका ओढताना गालफडे बसतात. भरण कमी पडले तर चिरूट भराभर, तापून जळतो. हे सारे वळणाऱ्याच्या बोटांत ठरते, आणि बरेचसे बोटांनीच तपासता येते. पेटवण्यापूर्वी दाबत जा. गाठ आणि पोकळी दोन्ही हाताला लागतात. टोक कापून एकदा कोरडाच ओढून पाहा.

जळण्याची परीक्षाही अशीच सरळ आहे. पांढरी राख म्हणजे उत्तम चिरूट, ही भोळी समजूत; रंग पुष्कळसा जमिनीतल्या क्षारांचा. पण राख लांबवर टिकली तर आत अखंड पाने आहेत, चुरा नाही, एवढे कळते. मिनिटाला एखादा झुरका पुरे. आमचे पारखी भाता फुंकावा तसे फुंकतात आणि कडवट लागला की तंबाखूला दोष देतात. (अमोनियाचा दर्प आला तर मात्र दोष खरोखर पान नीट न आंबवणाऱ्याचा.) शेरलॉक होम्सने १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखला, त्याला मार्क द्यावेत असे काही त्याच्या डोक्यात आले नाही!

'चिरूट' हा शब्द मुळात तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, म्हणजे गुंडाळलेला. शब्दाच्या पोटातच वळणाऱ्याचा हात आहे. गुणपत्रकात तो कुठे दिसतो? पंचवीसांच्या पेटीतले दोनचार ओढून आकडा लावायचा साऱ्या नाममुद्रेला, आणि ज्यांनी तो मिळवला त्यांची तर राख झालेली!

आपल्याकडे बांधणीची परीक्षा फार कडक होते, पण ती विडीची. निपाणी-सिन्नरच्या बायका वळून आणतात, तपासणारा त्यातून 'छाट' काढतो, आणि बाजूला टाकलेल्या विड्यांची मजुरी बुडते. तिथे वळणारीचा हात बरोबर आठवतो, कारण पैसे कापायचे असतात. चिरूट उत्तम निघाला की मात्र कौतुक पट्टीचे.

तेव्हा परीक्षकांनी एवढेच लिहावे: पेटीतले किती ओढले, किती सरळ जळले, किती कोंदले, किती पुन्हा पेटवावे लागले, आणि कारखान्याने सांगितले तर वळले कोणी. चामडे आणि देवदार त्यानंतर, जागा उरली तर.