सुटींत बागेला पाणी कोण घालणार?

आपल्याकडे झाडें लावण्याचा उत्साह पावसाळ्यांत असतो. १९५० सालीं कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरू केला, तेव्हांपासून जुलैचा पहिला आठवडा हा रोपांचा सणच होऊन बसला आहे. फावडीं निघतात, भाषणें होतात, रोपाशेजारीं लावणाऱ्या मुलाच्या नांवाची पाटी रोवली जाते. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु माझें मत असें आहे कीं, झाडाचा खरा महिना आषाढ नसून फाल्गुन-चैत्र होय; कारण आषाढांत लावलेलें रोप जगणार कीं मरणार हें याच दिवसांत ठरतें. आणि नेमकें याच वेळीं आपण परीक्षेच्या नांवाखालीं बागेकडे पाठ फिरवितों.

गेल्या जूनमध्यें शाळा उघडली त्या दिवशीं मी बागेंत गेलों. एका आंवळ्याच्या रोपाची पाटी ताठ उभी होती. नांव स्वच्छ वाचतां येत होतें. रोप मात्र बोटानें मोडावें इतकें वाळलेलें. तो मुलगा माझ्या शेजारींच उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं.

माळीबुवांना दोष देणें सोपें आहे. एक मनुष्य, एक विहीर आणि मे महिन्याचें ऊन! परीक्षेपूर्वीं आपण चार कामें उरकलीं असतीं, तर त्यांचें ओझें अर्धें झालें असतें. पिंपळ व कडुनिंब यांचीं पानें याच सुमारास गळतात. आपण तीं झाडून ढीग करतों आणि पेटवून देतों. हा निव्वळ अविचार आहे. तींच पानें रोपाच्या भोंवतीं चार बोटें जाडीनें पसरावीं, खोडाशीं मात्र थोडी जागा मोकळी ठेवावी; म्हणजे जमिनीची ओल टिकते व पुढें त्यांचेंच खत होतें. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षां तीन-चार दिवसांनीं आळें भरून पाणी द्यावें. मुळें ओलाव्यामागें खोल जातात. वरवर शिंपडलें कीं तीं वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी रोप मान टाकतें.

मला सर्वांत आवडते ती मडक्याची युक्ति. झिलई नसलेलें साधें मडकें रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें व तोंडावर झांकण ठेवावें. माती कोरडी असेल तर पाणी अधिक झिरपतें, ओली असेल तर कमी. चीनमधील सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका कृषिग्रंथांत ही रीत सांगितलेली आहे. घरांतला जुना, पाणी गार न करणारा माठ मात्र येथें उपयोगाचा नाहीं. त्याचीं छिद्रें बुजलेलीं असतात. पुढच्या लागवडीचे तीन-तीन फुटांचे खड्डेहि वैशाखांतच खणून उन्हांत तापूं द्यावे.

कांहीं पालक म्हणतील, "मुलांना आम्ही शिकावयास पाठवितों, पाणी शेंदावयास नव्हे." त्यांस माझें विचारणें आहे : वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत मुळांचें चित्र काढून दहा गुण मिळविणाऱ्या मुलाच्या देखत त्याचेंच रोप मेलें, तर तो काय शिकला? आणि आमचा मोगरा ऐन बहरांत येतो तो शाळेला कुलूप असतांना. दरवर्षीं त्याचा वास माळीबुवांच्या घरच्या मंडळींनींच घ्यावयाचा!

सुटीचे आठवडे सहा आहेत. गांवांतच राहणाऱ्या सहा कुटुंबांनीं एकेक आठवडा वांटून घेतला, तर आठवड्यांतून दोन सकाळींचें काम प्रत्येकाच्या वांट्यास येईल. सूचनाफलकावर मीं सहा रकान्यांचा कागद लावला आहे. पहिल्या रकान्यांत माझें नांव लिहिलें आहे. दुसऱ्यांत काल त्या आंवळ्याच्या मुलानें आपलें नांव घातलें. चार अद्याप कोरे आहेत.