बाजार पडल्यावर लाभांशाचा भरवसा किती?

बाजार पडायला लागला की मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. पहिला घाबरवणारा, 'सगळं विकून मोकळे व्हा.' दुसरा जरा गोड, 'भाव काही का होईना, बँकेचे आणि विम्याचे शेअर घेऊन ठेवा, दरवर्षी डिव्हिडंड येत राहील.' सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५ हजारांच्या वर होता आणि फेब्रुवारी २०२५ संपता संपता तो ७३ हजारांवर आला. अशा दिवसांत हा दुसरा मेसेज फार शहाणपणाचा वाटतो. पहिल्या पगारातले किंवा शिकवणीतून जमवलेले चार-पाच हजार हातात असलेल्या कॉलेजच्या पोरांना तर जास्तच.

सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा कुणी फॉरवर्ड करत नाही, म्हणून तो इथं लिहितेय.

आपल्याकडं शेत दुसऱ्याला कसायला देण्याच्या दोन पद्धती चिखली तालुक्यातल्या कुठल्याही घरात माहीत असतात. ठोक्यानं दिलं तर पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम हातात येते. बटईनं दिलं तर जे पिकेल त्यातला वाटा, आणि सोयाबीन गेलं की वाटाही गेला. बँकेतली एफडी म्हणजे ठोका. शेअर म्हणजे बटई. त्यातही गंमत अशी की, या बटईत किती वाटायचं आणि किती पुढच्या पेरणीसाठी ठेवायचं, हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. वार्षिक सभेत तुम्ही त्याला मंजुरी देऊ शकता, वाढवून मागू शकत नाही.

बँका आणि विमा कंपन्यांच्या बाबतीत तर मध्ये आणखी एक फाटक असतं. ते २०२० मध्ये सगळ्यांना दिसलं. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त कोसळला. त्यानंतर महिनाभरातच, १७ एप्रिलला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की मार्च २०२० ला संपलेल्या वर्षाच्या नफ्यातून बँकांनी यापुढं लाभांश वाटू नये. आठवड्याभरानं विमा नियामक 'इर्डाय'नंही विमा कंपन्यांना लाभांश थांबवायला सांगितलं. कारण सरळ होतं. कर्जं बुडतील, क्लेम वाढतील, तेव्हा पैसा आतच राहू द्या. ठेवीदार आणि पॉलिसीधारक आधी, शेअरवाले नंतर. पुढच्या वर्षी बँकांना परवानगी मिळाली तीही एरवी जेवढा लाभांश देता आला असता त्याच्या निम्म्यापर्यंतच. लक्षात घ्या, नफा कमावलेल्या चांगल्या बँकांनाही हाच नियम होता. म्हणजे बाजार सगळ्यात जास्त पडला आणि 'डिव्हिडंड तरी येईल' या आधाराची सगळ्यात जास्त गरज होती, नेमका तेव्हाच तो थांबला.

सहकारी बँकांनाही ही बंदी लागू होती. त्यामुळं ज्यांच्या घरी अर्बन बँकेचे शेअर आहेत, त्यांना ते लाभांशाविना गेलेलं वर्ष आठवत असेल. इथं एक घोळ नेहमी होतो, तो मिटवून टाकू. सहकारी बँकेचा शेअर आणि शेअर बाजारातला बँकेचा शेअर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सहकारी शेअरचा भाव रोज वरखाली होत नाही, तो बाजारात विकता येत नाही. शेअर कितीही असोत, मत एकच. आणि महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानं लाभांशावर साधारण १५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. पतसंस्थेची गोष्ट आणखी वेगळी. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. घरात कुणी 'शेअर घेतले' म्हणालं तर कुठले, हे आधी विचारा.

आता ॲपवर दिसणाऱ्या 'डिव्हिडंड यील्ड'कडं वळू, कारण खरा सापळा तिथं आहे. हा आकडा कसा निघतो? गेल्या वर्षी दिलेला लाभांश भागिले आजचा भाव. वरचा आकडा जुना, खालचा ताजा. भाव निम्मा झाला की यील्ड आपोआप दुप्पट दिसतं, कंपनीनं एक रुपयाही जास्त दिलेला नसताना.

येस बँकेचं उदाहरण घ्या. २०१८-१९ साठी या बँकेनं शेअरमागं २ रुपये लाभांश दिला होता. २०१९ संपताना शेअर पन्नास रुपयांच्या खाली आला होता, म्हणजे यील्ड चार टक्क्यांच्या वर. बचत खात्यापेक्षा भारीच की! ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना ५० हजारांच्या वर काढता येईना, आणि शंभरहून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकले. चार टक्के कागदावरच राहिले.

उलटं उदाहरण आपल्या पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रचं. २०१६-१७ आणि २०१७-१८ ही दोन्ही वर्षं हजार कोटींच्या वर तोटा. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिला कडक देखरेखीखाली घेतलं, त्यातून ती जानेवारी २०१९ मध्ये बाहेर आली. मार्च २०२० च्या पडझडीत शेअर दहा रुपयांच्या आसपास होता. लाभांश बघून कुणी तो घेतलाच नसता, कारण लाभांश नव्हताच. पुढं २०२१-२२ साठी ५० पैसे आले, २०२२-२३ साठी १ रुपया ३० पैसे, आणि २०२४-२५ साठी दीड रुपया. दहाला घेणाऱ्याला २०२४-२५ साठी त्याच्या पैशावर पंधरा टक्के पडले. पण त्याला त्यासाठी बँकेचा ताळेबंद वाचावा लागला असता आणि दोन वर्षं काहीच न मिळता थांबावं लागलं असतं.

बँकांमध्ये हा उशीर नेहमीचाच. भाव आधी पडतो, कर्जं नंतर थकतात आणि लाभांश त्याच्याही नंतर कापला जातो. त्यामुळं पडझडीच्या पहिल्या सहा महिन्यांत यील्ड छान दिसतं, याचा अर्थ संकट टळलं असा नसतो.

आणि एलआयसी. चिखलीत एलआयसीचा एजंट ओळखीत नाही असं घर शोधावं लागेल. मे २०२२ मध्ये तिचा आयपीओ आला तेव्हा अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा डिमॅट खातं काढलं. भाव ९४९ रुपये, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट, म्हणजे ८८९. पंधरा शेअरचा एक लॉट १३,३३५ रुपयांना. १७ मे ला शेअर बाजारात उतरला तोच ८६७ वर. मार्च २०२३ मध्ये साडेपाचशेच्या खाली, ऑगस्ट २०२४ मध्ये बाराशेच्या घरात, मार्च २०२५ मध्ये पुन्हा साडेसातशेच्या आसपास. या झोक्यात लाभांश किती मिळाला? पहिल्या वर्षी दीड रुपया, मग ३, मग १०, मग २०२४-२५ साठी १२. एकूण साडेसव्वीस रुपये. एका लॉटवर ३९७ रुपये ५० पैसे.

इथं 'पडल्यावर घ्या' या सल्ल्यातला खरा भाग सापडतो. बारा रुपये सगळ्यांना सारखेच मिळाले. ज्यानं ९४९ ला घेतला त्याला ते सव्वा टक्का पडले, ज्यानं ५४० ला घेतला त्याला सव्वादोन टक्के. स्वस्तात घेणाऱ्याला फायदा आहे, यात वादच नाही. पण सव्वादोन टक्के हे स्टेट बँकेच्या बचत खात्यावरच्या अडीच टक्क्यांपेक्षाही कमीच झाले. ५४० ला घेणाऱ्याचं भलं झालं ते भाव वर गेल्यामुळं. लाभांश म्हणजे त्यावरची कोथिंबीर. आणि भाव वर जाईलच, असं मार्च २०२३ मध्ये कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

विम्याच्या शेअरबद्दल आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. एलआयसी स्वतःच देशातल्या सगळ्यात मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक आहे. आपल्या प्रीमियमचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत जातो, पण बराचसा शेअर बाजारातही असतो. बाजार पडला की तिच्या स्वतःच्या गुंतवणुकीची किंमतही उतरते. म्हणून 'बाजार पडतोय, विम्यात जाऊ' म्हणताना तुम्ही बाजारातून बाहेर पडत नसता, दुसऱ्या दारानं आत येत असता. शिवाय तिचे ९६.५ टक्के शेअर सरकारकडं आहेत. २०२३-२४ च्या अंतिम लाभांशापोटी एकट्या केंद्र सरकारला ३,६६२ कोटी मिळाले. एवढ्या मोठ्या वाटेकऱ्याला लाभांश हवा असतो ही गोष्ट लहान वाटेकऱ्यांच्या सोयीचीच आहे. त्याला कधी काय हवं असेल, हे मात्र आपल्या हातात नाही.

तर मग घ्यावेत की नाही? मला विचाराल तर घ्या, पण स्वतःच्या कमाईतून आणि पाच वर्षं लागणार नाहीत अशाच पैशातून. कॉलेजची फी, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, सोयाबीन विकून घरात आलेले पेरणीचे पैसे, यांना हात लावू नका. त्या पैशाला तारीख असते, पडलेल्या भावाला वर यायची तारीख नसते. पाच हजारांत ९०० च्या भावानं एलआयसीचे पाच शेअर येतील, वर्षाला मिळतील साठ रुपये. दोघांचा नाश्ता. एवढ्यासाठी शिकायचं का? शिकायचं ते ताळेबंद वाचायला. बँकेचा असेल तर निव्वळ थकीत कर्जांचं प्रमाण वाढतंय की घटतंय, भांडवल पुरेसं आहे का, ते बघा. विमा कंपनीचा असेल तर सॉल्व्हन्सी रेशो दीडच्या किती वर आहे ते बघा, कारण दीड ही नियमानं ठरलेली किमान पातळी आहे. आणि सगळ्यांच्या आधी, २०१९-२० आणि त्याच्या आसपासच्या वाईट वर्षांत या कंपनीनं काय दिलं होतं, तेही शोधा. सगळे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर सामान्य माणसांपैकी ९३ जणांनी २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत पैसे घालवले, असं सेबीनंच मोजलं आहे. त्यापेक्षा कंटाळा परवडला.

खर्चाकडंही बघा. साठ रुपये लाभांश आणि डिमॅट खात्याची वार्षिक फी तीनशे, असा उलटा हिशोब अनेकांचा होतो. एकच डिमॅट खातं असेल आणि त्यातली गुंतवणूक ४ लाखांच्या आत असेल तर 'बेसिक सर्व्हिसेस' खात्याला वार्षिक फी लागत नाही, ते मागून घ्या. लाभांश २०२० पासून तुमच्या उत्पन्नात धरला जातो. उत्पन्नच करपात्र नसेल तर कर लागत नाही.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. २०२२ मध्ये आई-बाबांनी किंवा आजोबांनी एलआयसीचे शेअर घेतले असतील, तर डिमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे का बघा. लाभांश थेट त्याच खात्यात येतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, त्यामुळं खातं तिथं असेल तर आयएफएससी कोड एकदा तपासून घ्या. सात वर्षं न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो, आणि सलग सात वर्षं कुणीच हात लावला नाही तर शेअरही. एलआयसीचा पहिला लाभांश २०२२ चा आहे. म्हणजे २०२९ पर्यंत वेळ आहे.