सहावा लागला की सहा पूर्ण झाले?

आपल्या शहापूर-वडगाव भागात उष्टावणाची हौस मोठी. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर आणि भोवती गल्लीतल्या बायका. ही हौस राहावी असेच आम्हांस वाटते. आमचे म्हणणे आहे ते महिन्यांच्या मोजणीविषयी.

रीत अशी की मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात. पण घरात आपण महिना 'लागला' की मोजतो. सहावा लागला म्हणजे पाचच पूर्ण झाले. मुलीचे पाचव्यात उरकले, तर तिला अवघे चार महिने भरलेले असतात. उलट मुलाचा सहावा हुकला की आठव्याची वाट पाहिली जाते, आणि मुहूर्त मिळेपर्यंत बाळ नुसत्या दुधावर राहते.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध आणि नंतर लगेच वरचे अन्न, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून दिला आहे. पूर्वी चार महिने सांगत. बाळांच्या डबाबंद अन्नाविषयीच्या आपल्या १९९२ च्या कायद्यातही चारच महिने होते. २००३ च्या दुरुस्तीने ते सहा झाले. म्हणून आजी 'चौथ्यात सुरू करा' म्हणते, ते तिच्या वेळच्या डॉक्टरांचेच सांगणे असते. सूनबाईंनी त्यावरून वाद घालू नये.

उशीरही वाईटच. जन्मतः अंगात साठलेले लोह साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पुरते, पुढे ते अन्नातून मिळावे लागते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी निम्म्यांनासुद्धा दुधाबरोबर अन्न मिळत नव्हते.

आमच्या मते तोड सोपी आहे. मुलीचे उष्टावण सातव्यात करावे. महिना विषम आणि सहा पूर्ण, दोन्ही साधते. मुलाला सहा पूर्ण होताच साधेपणाने भरवू लागावे, समारंभ आठव्यात खुशाल करावा. बाळ मान सावरते का, आधाराने बसते का, आपल्या ताटाकडे बघून तोंड उघडते का, हेही पाहावे. कमी दिवसांचे बाळ असल्यास डॉक्टरांना विचारावे.

भरवायचे काय? मऊ भात, मुगाचे घट्ट वरण, वर तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे किंवा रताळे. वरणाचे नुसते पाणी पाजून काही होत नाही, चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट हवे. आरंभी दोन-तीन चमचे पुरेत. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. चहात बुडवलेले बिस्कीट मात्र कृपा करून देऊ नये, आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यातून क्वचित का होईना, गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता विद्यार्थ्यांना एक काम. आपल्याकडे सरकारी दवाखान्यातून मिळणारे 'तायी कार्ड' कन्नडमध्ये असते, ते पुष्कळ घरांत लसीच्या तारखेपुरतेच उघडले जाते. तुम्ही शाळेत कन्नड शिकता. घरात तान्हे बाळ असेल तर रविवारी ते कार्ड आजीला आणि आईला मराठीत वाचून दाखवा, आणि बाळाला सहा महिने पूर्ण होण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.