फ्लामर्सफेल्डच्या गाई आणि आपली सोसायटी

सोसायटीचे कर्ज कुणी काढले नाही, असे गाव आपल्याकडे सापडणे कठीण. पण या सोसायटीचे मूळ कुठले, हे ठाऊक आहे का? त्यासाठी थेट जर्मनीतल्या फ्लामर्सफेल्ड नावाच्या लहानशा गावी जावे लागेल.

ऱ्हाईन नदीच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड हा डोंगराळ मुलूख आहे. हवा थंड, जमीन हलकी. गरिबाचे पोट बटाट्यावर. १८४६ साली पिके बुडाली आणि उपासमार सुरू झाली. शेजारच्या वायरबुश गावचा कारभारी होता फ्रीडरिख रायफायझन, वय अवघे २८. सरकारने धान्य धाडले, पण रोखीनेच द्या असा हुकूम! रायफायझनने सधन मंडळींना गोळा केले, गावात भट्टी बांधली आणि गरिबांना उधारीवर पाव दिला.

१८४८ मध्ये तो फ्लामर्सफेल्डला आला. इथे दुखणे वेगळे होते. गोठ्यात गाय दिसे, पण मालकी सावकाराची. हप्ता थकला की गाय दाव्यासकट जाई. मग १८४९ च्या डिसेंबरात गावचे ६० ऐपतदार लोक एकत्र आले आणि जामीन राहिले. मंडळाने जनावरे विकत घेऊन शेतकऱ्यांना दिली. पैसे पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडायचे.

काम चांगले होते, पण एक अडचण होती. दुसऱ्याच्या भल्यासाठी श्रीमंत किती दिवस जोखीम घेणार? पुढे हेडेसडॉर्फ गावी रायफायझनला हाच अनुभव आला. तेव्हा १८६४ मध्ये त्याने नियमच बदलला. ज्याला कर्ज हवे, त्याने स्वतः सभासद व्हावे. सगळ्यांनी सगळ्यांना जामीन राहावे. एकाने बुडवले तर झळ सगळ्यांना! त्यामुळे कर्ज कुणाला, कशासाठी आणि किती, हे गावच डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. खुद्द रायफायझनचे डोळे मात्र अधू झाले होते. त्याची मुलगी आमाली त्याचे लिहिण्यावाचण्याचे काम करी.

इकडे १८७५ साली पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती जाळली. कागद जळाले, गरज तशीच राहिली. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकोल्सन यांच्याकडे युरोपातल्या अशा पेढ्यांचा अभ्यास सोपवला. त्यांचे अहवाल १८९५ आणि १८९७ साली निघाले आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

फ्लामर्सफेल्डला रायफायझनच्या घरात आज संग्रहालय आहे. तिथवर जाणे आपल्याला जमेल न जमेल. पण आपल्या सोसायटीची वार्षिक सभा तर गावातच असते ना? यंदा नुसती सही करून परतू नका. ताळेबंद वाचायला लावा, कर्ज कुणाला दिले ते विचारा. घरच्या लक्ष्मीचे नाव सभासदांत असेल तर तिलाही संगती न्या. सोसायटी राखायची ती सभासदांनीच.