अभ्यासकाची उचल : बीड जिल्ह्यातील मराठीचे अध्यापक आणि समाजसेवा

महाविद्यालयीन अध्यापकाची कर्तव्ये तीन मानली जातात : अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य. यांपैकी तिसऱ्या कर्तव्याला विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ च्या धोरणविषयक निवेदनात पहिल्या दोहोंच्या बरोबरीचे स्थान दिले. त्याआधी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. अध्यापकाच्या समाजसेवेला औपचारिक मान्यता मिळून अशा रीतीने अर्धशतक होत आले आहे. तथापि 'विस्तार' या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. ज्ञान महाविद्यालयात सिद्ध होते आणि तेथून ते गावाकडे पसरते, हे ते गृहीत होय. कृषी वा वैद्यक या विद्याशाखांच्या बाबतीत ते काही अंशी खरे असेल. मराठीच्या, विशेषतः लोकसाहित्य आणि बोली यांच्या अध्यापकाच्या बाबतीत मात्र व्यवहार नेमका उलट दिशेने होतो. त्याच्या अभ्यासाची सामग्री गावातून येते. पदवी, पदोन्नती आणि प्रतिष्ठा त्या सामग्रीवर उभी राहते. म्हणून त्याच्या समाजसेवेचा विचार दान म्हणून न करता परतफेड म्हणून करावा, हे येथील प्रतिपाद्य आहे. बीड जिल्ह्याच्या संदर्भात ते अधिक स्पष्ट होते.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसऱ्यानंतर येथील लाखो स्त्री-पुरुष पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला 'उचल' म्हणतात आणि ती तोडणीच्या मजुरीतून फेडावी लागते. कामाचा दिवस चुकला तर त्याला 'खाडा' म्हणतात व त्याचे पैसे कापले जातात. उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामात ती पुन्हा मानेवर बसते. ही शब्दावली जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या वर्गात बसलेल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरची आहे.

या पार्श्वभूमीवर सेवेची रूढ पद्धत तपासून पाहावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे काम करावयाचे असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर भरते. हे शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीत होते, कारण विद्यापीठाच्या परीक्षांच्या वेळापत्रकात तेव्हा मोकळीक असते. परंतु नेमक्या त्याच महिन्यांत येथील अनेक गावे आणि तांडे अर्धे रिकामे असतात. घरी म्हातारीकोतारी माणसे आणि मागे ठेवलेली मुले उरतात. ग्रामसफाई होते, प्रभातफेरी निघते, व्यसनमुक्तीवर व्याख्यान होते. ज्यांच्यासाठी हे सारे, ती माणसे त्या वेळी तीनशे-चारशे किलोमीटरवर कोपीत राहत असतात. शिबिर घेणाऱ्या अध्यापकांच्या निष्ठेविषयी येथे शंका नाही. शिबिराचे दिनमान महाविद्यालयाच्या सोयीने ठरते, गावाच्या ऋतुचक्राने ठरत नाही, एवढेच निदर्शनास आणावयाचे आहे.

या सोयीला पुढे गणिताची जोड मिळाली. १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली आणि विस्तारकार्य हा महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचा भाग ठरला. २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या विस्तारकार्याला गुणांक दिले. २०१८ मध्ये ती पद्धत बदलली, पण नोंदीची सवय राहिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमांत तर क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. मोजमाप सर्वथा वाईट असते असे नाही. त्यामुळे दुर्लक्षित कामाला कागदावर तरी जागा मिळाली. परंतु जे मोजले जाते ते महाविद्यालयाने काय केले एवढेच : किती शिबिरे, किती व्याख्याने, किती झाडे, किती छायाचित्रे. गावाच्या हाती काय उरले, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

आता मराठी विभागाकडे वळता येईल. गेल्या अनेक दशकांत मराठवाड्यातील मराठीच्या संशोधनाचा एक मोठा प्रवाह लोकसाहित्याचा आहे. जात्यावरच्या ओव्या, भुलईची गाणी, बंजारा तांड्यावरची गीते, विधी, उखाणे, म्हणी यांचे संकलन करून प्रबंध सिद्ध झाले. संकलक गावात जातो, ओवी उतरवून घेतो, तिचे वर्गीकरण करतो. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातो. गाणारी स्त्री मात्र आपल्या ओवीचे पुढे काय झाले, हे जाणत नाही. पुष्कळदा तिचे नावही परिशिष्टात धड येत नाही. ऊसतोडीच्या भाषेत सांगावयाचे, तर अभ्यासकाने गावाकडून उचल घेतलेली असते. फरक इतकाच, की कोयत्याकडून उचल वसूल करणारा मुकादम असतो. अभ्यासकाकडे कोणी हिशेब मागत नाही.

ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. माहेर, लेक आणि मायलेकींचे नाते हा ओवीवाङ्मयाच्या अभ्यासाचा आवडता विषय आहे. याच जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती. २०११ मध्ये ती ८०७ वर आली आणि राज्यातील नीचांकी ठरली. २०१९ मध्ये ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. प्रबंधांनी हे टळले असते असा दावा कोणी करणार नाही. परंतु ज्या स्त्रियांच्या कंठातून अभ्यासकाने लेकीची ओवी घेतली, त्याच स्त्रियांच्या देहाची आणि लेकींची ही कहाणी मराठी विभागाच्या दारापर्यंत वृत्तपत्रांतून यावी, ही गोष्ट विद्याशाखेने विचारात घ्यावी अशी आहे. अभ्यासक त्या उंबऱ्यावर आधीच जाऊन आला होता. त्याची प्रश्नावली मात्र छंद आणि प्रतिमा यांच्यापाशी थांबली होती.

विद्या आणि सेवा यांची सांगड घालणारी परंपरा या जिल्ह्याला परकी नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्यापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर त्यांनी मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी विद्यालयात काम केले. त्याच अंबाजोगाईत पुढे शैला लोहिया (१९४०–२०१३) मराठीच्या प्राध्यापिका होत्या. डॉ. द्वारकादास लोहिया यांच्यासमवेत 'मानवलोक' या १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या कार्यात त्या होत्या आणि १९८४ पासून 'मनस्विनी' महिला प्रकल्पाच्या द्वारे त्यांनी परित्यक्ता व निराधार स्त्रियांसाठी काम उभे केले. 'भूमी आणि स्त्री' हा त्यांचा ग्रंथ लोकसाहित्य आणि लोकविधी यांतील भूमी व स्त्री यांच्या नात्याचा शोध घेतो. त्यांच्या कार्यातून मराठी विभागांनी घ्यावयाचा बोध असा, की अभ्यासाचा विषय आणि सेवेचा विषय एकच असू शकतो. विधींतील स्त्री आणि दारात आसरा मागणारी स्त्री यांच्यात भिंत उभी करण्याची गरज पडत नाही.

परतफेडीची दुसरी रीत पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात दिसते. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संकलनात माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या, बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्याही आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ मध्ये झाले. या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे, की त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले असते. २०१७ पासून या ओव्या सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि त्या निमित्ताने गाणाऱ्या स्त्रियांचा पुन्हा शोध घेतला गेला. नाव नोंदणे ही परतफेडीची पहिली पायरी होय.

यावर काही आक्षेप संभवतात. अध्यापन हीच सेवा, वेगळी सेवा कशाला, हा पहिला. तो खराच आहे. ऊसतोड कुटुंबातील मुलाला वर्गात टिकवून धरणारा अध्यापक मोठीच सेवा करतो. परंतु हा आक्षेप अध्यापनापुरता लागू पडतो, संकलनाच्या ऋणाला नव्हे. दुसरा आक्षेप वेळेचा. निवडणूक आणि अन्य शासकीय कामे अध्यापकाकडे येतात, पदे रिक्त राहतात, आणि पुष्कळ भार तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांवर पडतो. ज्याची स्वतःची नेमणूकच पुढील वर्षी राहील की नाही याची शाश्वती नाही, त्याच्याकडून सेवेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हे मान्य करावयास हवे. म्हणूनच नवी कामे वाढविण्याऐवजी चालू असलेल्या संशोधनाची आणि शिबिराची दिशा बदलणे इष्ट ठरते. तिसरा आक्षेप तटस्थतेचा : अभ्यासकाने कार्यकर्ता होऊ नये. पण घेतलेल्या वस्तूची पोच देण्याने तटस्थता भंगत नाही. पोच न देणारी तटस्थता ही केवळ सोय असते.

या दृष्टीने चार गोष्टी मराठी विभागांना आजच करता येण्याजोग्या आहेत. पहिली, मौखिक सामग्रीवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधाची व प्रकल्पाची एक प्रत, गाणाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या नावांसह, त्या गावच्या शाळेत वा वाचनालयात पोहोचावी. आणि ती ठेवण्यापूर्वी गावात बसून वाचून दाखवावी. दुसरी, शिबिराचे दिवस भाद्रपद-आश्विनात, माणसे गाव सोडण्यापूर्वी असावेत. उचलीचे व्यवहार याच सुमारास पक्के होतात आणि ते पुष्कळदा तोंडी असतात. व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्जलेखन व पत्रलेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना रक्कम, मुदत, खाडा, कपात आणि आजारपण यांविषयीचा करार साध्या मराठीत लिहिण्या-वाचण्याचे काम देता येईल. भाषेच्या विद्यार्थ्याला याहून खरा पाठ क्वचित मिळेल. तिसरी, फड, मोळी, वाढे, कोपी, टोळी अशा तोडणीच्या शब्दांचा संग्रह विभागाने करावा आणि तो प्राथमिक शाळांतील शिक्षकांच्या हाती द्यावा. घरचा शब्द वर्गात ऐकू आला तर फडावरून परतलेल्या मुलाला शाळा परकी वाटणार नाही. चौथी, विभागाच्या वार्षिक अहवालात 'काय घेतले' आणि 'काय परत दिले' असे दोन रकाने असावेत.

अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत यांची समाधिस्थाने आहेत. ज्ञान लोकभाषेत आणण्याचा वारसा जिल्ह्यातील मराठीचा प्रत्येक अध्यापक अभिमानाने सांगतो. लोकभाषेतून घेतलेले लोकांना परत देणे, हा त्याच वारशाचा उरलेला भाग आहे. पट्टा पडल्यावर फडावर मुकादम आणि टोळी हिशेबाला बसतात. कोणाची उचल फिटली, कोणाची अंगावर राहिली, हे त्या दिवशी कळते. मराठी विभागांचा पट्टा अद्याप पडावयाचा आहे. तो पडण्यापूर्वी वही उघडावी आणि खात्यावर गावांची नावे लिहावीत, एवढे तरी या पिढीच्या अध्यापकांना शक्य आहे.