पायलटनं शेठची वही बघायची नाही?

दिवाळीत आटपाडीला आलात तर गल्लीबोळात परराज्यांच्या पाट्यांच्या गाड्या उभ्या दिसतील. ही आमची गलाईवाली मंडळी. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. आटपाडी, विटा, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या धंद्यापायी पार दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत पसरली. शेतात पिकत नव्हतं म्हणून गेली, आणि जाताना एक शहाणपण सोबत घेऊन गेली. पोरगं परमुलखात कुणाच्या दुकानात कामाला धाडायचं असेल तर आधी शेठची चौकशी करायची. शेठ पगार वेळेवर देतो का? त्याची उधारी किती? गेल्या साली त्याच्याकडनं किती पोरं सोडून गेली, आणि का? या चौकशीला आमच्याकडं कुणी बेइमानी म्हणत नाही. न करणाऱ्या बापाला मात्र येडा म्हणतात.

आमच्या आळीतला एक पोरगा गलाईत गेला नाही. तो पायलट झाला. मागच्या दिवाळीत कट्ट्यावर बसला होता तेव्हा आमच्या तात्यांनी त्याला सरळ विचारलं, "काय रं, तुझी कंपनी टिकंल का?" पोरगा हसला आणि म्हणाला, "तात्या, हे आम्ही आपसात विचारलं तरी वर कळतं. मग म्हणतात, तुम्ही अफवा पसरवता."

तात्यांना ते कळलंच नाही. मलाही अजून कळलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

नव्या विमान कंपनीत काम करणाऱ्या पायलटांनी कंपनीच्या पैशापाण्याची चर्चा केली की आपल्याकडं दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. व्यवस्थापन म्हणतं, तुम्ही विमान चालवा, हिशेब आमच्यावर सोडा. आणि मोबाइलवर बातमी वाचणारे आपण म्हणतो, लाखांत पगार घेतात आणि तरी रडतात. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. पहिली तर लबाडीचीही आहे.

ताजं उदाहरण अकासा एअरचं. जेट एअरवेजचे माजी प्रमुख विनय दुबे यांनी उभी केलेली, राकेश झुनझुनवालांचा पैसा असलेली ही कंपनी ७ ऑगस्ट २०२२ ला मुंबई-अहमदाबाद मार्गावर उडाली. आठवड्यानं, १४ ऑगस्टला, झुनझुनवाला गेले. वर्षभरात काही पायलट नोटीस पिरियड पूर्ण न करता सोडून गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीनं त्यातल्या काही पायलटांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. कोट्यवधींची भरपाई मागितली. असंच चाललं तर कंपनी बंद पडू शकते, अशी भाषाही कोर्टात झाली.

आता गंमत बघा. पायलट कट्ट्यावर म्हणाला की कंपनी बुडू शकते, तर ती अफवा. कंपनीचा वकील कोर्टात तेच म्हणाला, तर तो युक्तिवाद.

अकासा वाईट कंपनी आहे असं मला म्हणायचं नाही. ती आजही उडते आहे आणि या देशात नव्या विमान कंपनीनं पहिली काही वर्षं तग धरणं ही छोटी गोष्ट नाही. आपल्याच जयसिंगपूर भागातल्या घोडावतांची स्टार एअरही २०१९ पासून लहान शहरं जोडत टिकून आहे. पण अकासाचा पहिल्या आर्थिक वर्षाचा तोटा ७४४ कोटींच्या घरात होता आणि पुढच्या वर्षीचा १,६७० कोटी. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं आणखी १५० विमानांची मागणी नोंदवली, एकूण आकडा २२६ वर गेला. त्याच महिन्यात अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंगचा दारासारखा एक भाग हवेत निखळला, बोइंगच्या कारखान्यावर निर्बंध आले, वर्षाअखेरीस तिथं सात आठवड्यांचा संप झाला. विमानं वेळेवर आलीच नाहीत. पायलट मात्र भरती करून झाले होते. ते घरी बसले.

घरी बसलेला पायलट म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर असतो. तास नाहीत तर त्या लाखांच्या पगारातलं बरंचसं गायब. शिवाय ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवाशांना घेऊन उडता येत नाही, आधी सिम्युलेटरवर किंवा प्रशिक्षकासोबत ती पूर्ण करावी लागतात. कौशल्य असं बसून गंजतं. आणि दुसरीकडं जावं म्हटलं तर वाट अरुंद. ज्याचं टाइप रेटिंग बोइंग ७३७ चं आहे त्याला देशात मोजून दोन-चार दारं. एअरबस ३२० च्या पायलटाला इंडिगोचं मोठं दार आहे, पण एका विमानावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा लाखांचा खर्च किंवा नव्या कंपनीचा बॉण्ड.

या बॉण्डवर जरा थांबतो. आमच्या पट्ट्यातून गलाईला जातात तसे ऊसतोडीलाही जातात. मुकादम हंगामाआधी उचल देतो. उचल घेतली की कोयता त्याचा, जोडपं त्याचं, हंगाम संपेपर्यंत सुटका नाही. उचलीची पद्धत किती वाईट आहे यावर मराठीत पानंच्या पानं लिहून झाली आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण ऊसतोड्याच्या हातात निदान उचल पडते. पायलटाचं उलटं. २०० तासांचं उड्डाण करून परवाना मिळवायला तोच अर्ध्या कोटीच्या पुढं खर्च करतो, टाइप रेटिंगचे पैसे बऱ्याचदा तोच भरतो, कर्जाचा हप्ता बापाच्या सातबाऱ्यावर, आणि मग वर बॉण्डही त्यानंच लिहून द्यायचा. आळीतल्या पोराच्या बापानं गलाईच्या दुकानातली भागी विकली, हे मला माहीत आहे. बापाची भागी गेली आणि पोराच्या वाट्याला हप्ता आला. अशा पोरानं शेठची वही बघायची नाही म्हणता?

बरं, वही बघायचं कारण इतिहासात आहे. किंगफिशर मे २००५ मध्ये आली, ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर बसली. तोवर कर्मचाऱ्यांचे सहा-सात महिन्यांचे पगार थकले होते. पगारातून कापलेला आयकर सरकारकडं भरलाच नव्हता, हेही उघड झालं. जेट एअरवेज २५ वर्षं उडाली. १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तेव्हा पायलटांना त्या वर्षाचे पगार मिळालेले नव्हते. मग पाच वर्षं पुनरुज्जीवनाचं गाजर, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश: कंपनी मोडीत काढा. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या हक्काच्या पैशांसाठीसुद्धा कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणापर्यंत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. गो फर्स्टनं २ मे २०२३ ला स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. अर्ज केल्यावर, विमानं जमिनीवर असताना, कॅप्टनला महिन्याला जादा १ लाख आणि सहवैमानिकाला जादा ५० हजार देऊ, पण जाऊ नका, अशी ऑफर दिली. जे थांबले ते काय पाहून थांबले असतील? जानेवारी २०२५ मध्ये तीही कंपनी मोडीत काढायचा आदेश आला.

कंपनी बुडाल्यावर कुणाला आधी मिळतं, हे आपल्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये लिहिलंय. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचं २४ महिन्यांचं देणं आणि तारण असलेल्या बँका. त्यानंतर कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचं १२ महिन्यांचं. पायलट कामगार की कर्मचारी, यावर वकिलांची पोटं भरतात. पण विमान कंपनीत वाटायला असतं काय? विमानं भाड्याची. कार्यालय भाड्याचं. उरतं ब्रँडचं नाव आणि काही खुर्च्या.

आणि भाड्याच्या विमानांसाठी सरकार किती तत्पर! गो फर्स्टची विमानं अडकली तेव्हा परदेशी मालकांनी आरडाओरडा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून विमानांना दिवाळखोरीतल्या स्थगितीतून वगळलं. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, म्हणजे मालकाला ती परत नेता यावीत. एप्रिल २०२५ मध्ये संसदेनं त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. मी त्या कायद्याच्या विरोधात नाही. मालकाला विमान परत मिळण्याची खात्री नसेल तर भाडं वाढतं, हे खरं आहे. पण आयर्लंडमधल्या मालकाच्या लोखंडाची एवढी काळजी करणाऱ्या देशानं ते लोखंड उडवणाऱ्या माणसाच्या तीन महिन्यांच्या पगाराची काय सोय केली? काही नाही. त्याच्यासाठी वेगळाच नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०१७ मध्ये ठरवलं की कॅप्टननं एक वर्ष आणि सहवैमानिकानं सहा महिने आधी नोटीस द्यायची. त्या काळात कंपनीनं पगार-सवलती कमी केल्या तर लवकर सुटता येतं, अशी तरतूद त्यात आहे. पण ही खिडकी उघडते कधी? घर पेटल्यावर.

खरं तर आग लागण्याआधी धूर सगळ्यात पहिला पायलटालाच दिसतो. शेअर बाजाराला नंतर, पत्रकारांना त्याहून नंतर. तेल कंपनीनं उधारी बंद करून रोख द्या मगच भरतो असं सुरू केलं, की विमान उभं असतं, प्रवासी बसलेले असतात आणि टँकर हलत नाही. किंगफिशरच्या अखेरच्या काळात हेच चाललं होतं. एखादं विमान कोपऱ्यात उभं राहतं आणि आठवड्यागणिक त्याचे सुटे भाग दुसऱ्या विमानांवर दिसायला लागतात. दुरुस्ती पुढं ढकललेल्या गोष्टींची यादी लांबत जाते. हॉटेल बदलतं, चांगल्यातनं साध्यात. पगाराची तारीख १ ची ७ होते. पीएफचा हप्ता मोबाइलवरच्या पासबुकात दिसत नाही. यातली एकेक गोष्ट किरकोळ असते, पण चार गोष्टी एकत्र आल्या की कॉकपिटातली दोन माणसं एकमेकांकडं बघतात. त्यांना ताळेबंद वाचायची गरज उरत नाही.

आणि हीच माणसं दीडशे-दोनशे लोकांना घेऊन पावसाळ्यात धावपट्टीवर उतरणार असतात. घरचा हप्ता चुकलाय हे डोक्यात घेऊन. म्हणून ही चर्चा दाबणं मला धोक्याचं वाटतं. ती पगाराची आहे तशी सुरक्षेचीही आहे.

आता उलट बाजू. रातोरात सोडून जाणं बरोबर आहे का? नाही. सकाळच्या विमानानं कुणी ऑपरेशनला निघालेलं असतं, कुणी नोकरीच्या मुलाखतीला. पायलट आलाच नाही म्हणून ते विमानतळावर अडकले तर त्यांचा राग रास्त आहे. करार केला असेल तर तो पाळावा, हेही मान्य. पायलटांची संघटना ज्या दिवशी हे मोकळेपणानं म्हणेल त्या दिवशी तिची बाजू अर्धी जिंकली जाईल. पण प्रवाशांचा कळवळा फक्त पायलटाशी भांडतानाच का आठवतो? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम येणार हे कधीचं ठाऊक होतं, पण देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं पुरेशी माणसं ठेवली नव्हती. तेव्हा नियामकानं काय केलं? नियमांत तात्पुरती सूट दिली. चौकशी झाली, नोटिसा गेल्या, सगळं झालं. पण पहिला वाकला तो विश्रांतीचा नियम. पायलट चुकला तर खटला, कंपनी चुकली तर सवलत.

उपाय अवघड नाही. कॅप्टनला एक वर्ष बांधून ठेवायचं असेल तर त्या वर्षाचा नाही तरी निदान तीन महिन्यांचा पगार कंपनीनं वेगळ्या खात्यात ठेवावा, ज्याला बँकेला किंवा भाडेवाल्याला हात लावता येणार नाही. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे आकडे वर्ष उलटल्यावर बाहेर येतात. विमान परवाना घेणाऱ्या प्रत्येक कंपनीनं दर तिमाहीला रोकड किती आणि थकबाकी किती हे जाहीर करावं. पीएफ किंवा आयकराचा एक हप्ता जरी थकला तरी नोटीस पिरियड आपोआप रद्द व्हावा. नवी कंपनी यानं बुडेल म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: तीन महिन्यांचा पगार बाजूला ठेवला की जी बुडते, ती उडत होती कशाच्या जोरावर? कमाई रुपयात, भाडं डॉलरमध्ये, इंधनाचा भाव जगाच्या हातात. असला धंदा करणाऱ्यानं पहिल्या दिवशीच पुरेशी गाठ बांधून यायला हवं.

त्या दिवशी कट्ट्यावर तात्यांनी पुढं विचारलं, "मग सोडतोस का?" पोरानं मोबाइल काढला, पीएफचं पासबुक उघडलं, गेल्या महिन्याची ओळ शोधली. आली होती. "अजून नाय," म्हणाला, आणि मोबाइल खिशात ठेवला. तात्यांनी सुपारी फोडली. "पुढच्या म्हैन्यात पण बघ," म्हणाले.